प्रबंधाबाहेरचे ज्ञान : संशोधक विद्यार्थ्यांचे पॉडकास्ट

पीएच.डी.च्या प्रबंधात संशोधनाचा प्रश्न, पद्धती, निष्कर्ष आणि संदर्भ यांची काटेकोर नोंद असते. पण तो लिहिणाऱ्या व्यक्तीने मार्गदर्शकाची निवड कशी केली, वर्षभराचा प्रयोग फसल्यावर पुन्हा सुरुवात कोठून केली, विद्यावेतनात महिना कसा भागवला आणि सारे सोडून द्यावेसे वाटले तेव्हा कोणाशी बोलून मन सावरले, याची नोंद कोठेही होत नाही. पुढच्या विद्यार्थ्याला या ज्ञानाची गरज प्रबंधातील निष्कर्षांइतकीच असते, परंतु ते त्याला वसतिगृहात, प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात किंवा कँटीनमध्ये, वरच्या वर्गातल्या कोणाशी ओळख असली तरच मिळते. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी पदवीपर्यंतही पोहोचलेले नसते, जो दुसऱ्या गावातून किंवा दुसऱ्या देशातून आलेला असतो, त्याच्या वाट्याला ते येतच नाही. अमेरिका व कॅनडा येथील काही विद्यापीठांत संशोधक विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या पॉडकास्टनी हे खासगी राहिलेले ज्ञान सार्वजनिक करण्याचे काम हाती घेतले आहे. या उपक्रमांना करमणूक किंवा विद्यापीठाची जाहिरात समजणे चूक ठरेल. उच्च शिक्षणातील एक जुनी विषमता कमी करण्याचे ते साधे, स्वस्त आणि परिणामकारक साधन आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट प्रोग्रॅम’ म्हणजे पहिल्या पदवीनंतरचे शिक्षण, अर्थात एम.ए., एम.एस. यांसारख्या पदव्या आणि पीएच.डी. या लेखात ‘पदव्युत्तर अभ्यासक्रम’ ही संज्ञा त्याच व्यापक अर्थाने वापरली आहे.

कोरव्हॅलिसचा कार्यक्रम

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात कोरव्हॅलिस हे विद्यापीठाभोवती वाढलेले लहान शहर आहे. तेथील ऑरेगन स्टेट विद्यापीठ शेती, वनशास्त्र आणि सागरविज्ञान या विषयांसाठी ओळखले जाते, आणि त्याच्या आवारातून केबीव्हीआर हे विद्यार्थ्यांचे रेडिओ केंद्र ८८.७ एफएम या वारंवारतेवर चालते. २०१२ मध्ये या केंद्रावर ‘इन्स्पिरेशन डिसेमिनेशन’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. रविवारी संध्याकाळी प्रसारित होणाऱ्या या कार्यक्रमात दर आठवड्याला विद्यापीठातील एक पदव्युत्तर विद्यार्थी पाहुणा म्हणून येतो आणि प्रश्न विचारणारेही पदव्युत्तर विद्यार्थीच असतात. रेडिओवर प्रसारित झालेली मुलाखत पुढे पॉडकास्टच्या रूपाने उपलब्ध होते, त्यामुळे रविवारी कोरव्हॅलिसमध्ये ऐकली गेलेली गोष्ट नंतर कोणत्याही देशातील श्रोत्याला हवी तेव्हा ऐकता येते.

या कार्यक्रमाची रचना साधी असली तरी विचारपूर्वक केलेली आहे. पाहुण्याला आपले संशोधन सामान्य श्रोत्याला समजेल अशा भाषेत मांडावे लागते, आणि त्याबरोबरच तो या विषयाकडे कसा आला, लहानपणी कोठे वाढला, मध्ये कोणत्या नोकऱ्या केल्या, कोणत्या शिक्षकाने दिशा दाखवली, याविषयीही बोलावे लागते. एखाद्या बुरशीचा, माशाच्या प्रजातीचा किंवा जंगलातील वणव्याचा अभ्यास आणि तो करणाऱ्याचे आयुष्य या दोन गोष्टी एकाच संभाषणात आल्या की, संशोधन हे असामान्य बुद्धीच्या मोजक्या माणसांचे काम आहे हा समज आपोआप सैल होतो, कारण ऐकणाऱ्याला त्या प्रवासातील वळणे, थांबे आणि योगायोगही दिसू लागतात.

अशी उदाहरणे इतरत्रही आहेत. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात लंडन या शहरी असलेल्या वेस्टर्न विद्यापीठात ‘सोसायटी ऑफ ग्रॅज्युएट स्टुडंट्स’ ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांची संघटना ‘ग्रॅडकास्ट’ हा कार्यक्रम चालवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात केएएलएक्स या ९०.७ एफएमवरील केंद्रावर ‘द ग्रॅज्युएट्स’ हा मुलाखतींचा कार्यक्रम आहे. कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करत असताना भेटलेल्या लिझ वेन आणि झाइन याओ या दोघींनी सुरू केलेल्या ‘पीएचडिव्हाज’ या पॉडकास्टचे स्वरूप थोडे वेगळे आहे. त्यांपैकी एक जैववैद्यकीय अभियांत्रिकीतील, तर दुसरी साहित्याची अभ्यासक, आणि विज्ञान व मानव्यविद्या यांच्यातील दरी ओलांडून विद्यापीठीय जीवन, संस्कृती आणि सामाजिक न्याय यांवर चर्चा करणे हा त्यांचा उद्देश. एकूण पाहता या क्षेत्रात दोन घाट रूढ झालेले दिसतात : दर वेळी नवा पाहुणा बोलावणारी मुलाखत, आणि ठरावीक सूत्रधारांमधले सलग चालणारे संभाषण.

विद्यापीठांत घडलेले माध्यम

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून मालिकेच्या रूपाने मिळणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. नेहमीच्या ध्वनिफितीहून त्याचे वेगळेपण वितरणाच्या पद्धतीत आहे. ‘आरएसएस’ नावाच्या व्यवस्थेत कार्यक्रमाची एक अद्ययावत यादी इंटरनेटवर ठेवलेली असते. श्रोत्याच्या फोनमधील ॲप ती यादी वेळोवेळी तपासते आणि नवा भाग आला की तो श्रोत्यापर्यंत आणून देते. प्रक्षेपक, मनोरा, वारंवारता यांपैकी काहीही लागत नसल्यामुळे अत्यंत थोड्या श्रोत्यांसाठीचा कार्यक्रमही जगभर पोहोचू शकतो, आणि म्हणूनच एखाद्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता वाटणारा विषय या माध्यमात टिकून राहतो.

या माध्यमाच्या जडणघडणीत विद्यापीठांचा वाटा मोठा आहे. आरएसएसच्या यादीला ध्वनीची फाइल जोडण्याची सोय डेव्ह वायनर यांनी २००० साली केली. पुढे २००३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्रात असताना वायनर आणि पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांनी याच पद्धतीने मुलाखतींची मालिका प्रसारित केली, आणि ती आरंभीच्या पॉडकास्टमध्ये गणली जाते. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द पत्रकार बेन हॅमरस्ली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधील लेखात वापरला, आणि जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिल्यावर तो प्रकार घराघरात पोहोचला. जगभरचे हौशी निर्माते ध्वनिसंपादनासाठी वापरतात ते ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअरही कार्नेगी मेलन विद्यापीठातील डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांच्या संशोधनातून जन्माला आले आणि २००० साली सर्वांसाठी खुले झाले. म्हणजे एका संशोधक विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेतील कामाने पुढच्या पिढ्यांतील असंख्य विद्यार्थ्यांना बोलण्याचे साधन दिले.

अमेरिकेत विद्यार्थ्यांची रेडिओ केंद्रे आधीपासून मोठ्या संख्येने होती, याचाही लाभ झाला. तेथील एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग बिगरव्यावसायिक शैक्षणिक केंद्रांसाठी राखीव आहे. ८८.७ वरचे केबीव्हीआर आणि ९०.७ वरचे केएएलएक्स ही दोन्ही केंद्रे याच भागात येतात. अशा केंद्रांमुळे विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रणाची खोली, उपकरणे, प्रशिक्षण आणि प्रसारणाची शिस्त तयार मिळाली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी कार्यक्रम द्यावाच लागतो, या बंधनाने अनेक हौशी उपक्रमांना जे साधत नाही ते सातत्य त्यांना साधता आले.

पदवीची लिखित आणि अलिखित बाजू

या कार्यक्रमांतून नेमके काय कळते हे समजण्यासाठी अमेरिकेतील पीएच.डी.ची रचना पाहिली पाहिजे. पहिली एक-दोन वर्षे विद्यार्थी वर्गात बसून विषय शिकतो. जीवशास्त्रासारख्या शाखांमध्ये तो याच काळात दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवड्यांच्या पाळीने काम करून पाहतो आणि मग आपली प्रयोगशाळा निवडतो. त्यानंतर पात्रता परीक्षा असते, जी उत्तीर्ण झाल्यावर त्याला ‘कँडिडेट’ म्हणजे पदवीचा अधिकृत उमेदवार मानले जाते. पुढची वर्षे प्रबंधाची असतात. मुख्य मार्गदर्शकाशिवाय आणखी काही प्राध्यापकांची समिती कामावर लक्ष ठेवते आणि अखेरीस विद्यार्थ्याला तिच्यासमोर प्रबंधाचे समर्थन करावे लागते. बहुतेकांना या सगळ्याला पाच ते सात वर्षे लागतात. या काळातील खर्च भागवण्यासाठी तो पदवीच्या मुलांना शिकवतो किंवा मार्गदर्शकाच्या प्रकल्पात काम करतो, आणि त्याबदल्यात शुल्कमाफी व मासिक वेतन मिळवतो.

हे सर्व विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत छापलेले असते. जे छापलेले नसते ते शिक्षणशास्त्रात ‘छुपा अभ्यासक्रम’ या नावाने ओळखले जाते. फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मधील ‘लाइफ इन क्लासरूम्स’ या पुस्तकात शालेय वर्गांच्या संदर्भात ही कल्पना मांडली : अधिकृत विषयांच्या जोडीने विद्यार्थी वाट पाहणे, अधिकार मानणे, अपेक्षा ओळखणे अशा गोष्टीही शिकत असतो, आणि यश पुष्कळदा त्यांवरच अवलंबून असते. पदव्युत्तर शिक्षणात हा छुपा भाग फार मोठा होतो. प्रवेशाचा अर्ज करण्यापूर्वी प्राध्यापकाला पत्र लिहावे की नाही, प्रयोगशाळा निवडताना तेथून आधी गेलेल्या विद्यार्थ्यांशी का बोलावे, समितीत कोणाला घ्यावे, मसुद्यावर महिनोन्महिने उत्तर आले नाही तर आठवण कशी करावी, परिषदेत अनोळखी विद्वानाशी बोलायला सुरुवात कशी करावी, मार्गदर्शकाशी पटेनासे झाले तर बदलाची मागणी कोणाकडे न्यावी, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही वर्गात शिकवली जात नाहीत. प्राध्यापकांच्या घरात वाढलेल्या विद्यार्थ्याला ती जेवणाच्या टेबलावर मिळालेली असतात. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला ती स्वतःच्या चुकांतून शिकावी लागतात.

त्या चुकांची किंमत मोठी असते. अमेरिकेतील ‘काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या संस्थेच्या २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पीएच.डी. सुरू करणाऱ्यांपैकी दहा वर्षांत ती पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. गळतीची कारणे अनेक असतात. पैसा, कुटुंब, आरोग्य, नोकरीची चांगली संधी ही त्यांपैकी काही, आणि अभ्यासक्रम सोडण्याचा निर्णय पुष्कळदा शहाणपणाचाही असतो. परंतु जो विद्यार्थी केवळ मार्ग माहीत नसल्यामुळे बाहेर पडतो, त्याचे जाणे हे त्याच्या एकट्याचे नुकसान राहत नाही, कारण त्याच्याबरोबर एक संभाव्य संशोधन आणि त्यावर झालेला सार्वजनिक खर्चही जातो. अर्ध्या तासाच्या संभाषणात कोणी जाणकार सहविद्यार्थी हा मार्ग उलगडून दाखवत असेल, तर ते काम शिक्षणाचेच आहे.

एक भाग कसा तयार होतो

ऐकताना सहज वाटणाऱ्या संभाषणामागे बरीच मेहनत असते. सूत्रधार पाहुण्याला आधी भेटतात, त्याच्या संशोधनाची माहिती घेतात, कोणत्या संज्ञा सोप्या कराव्या लागतील हे पाहतात आणि प्रश्नांचा क्रम ठरवतात. मुद्रणाच्या वेळी मायक्रोफोनची निवड व जागा महत्त्वाची ठरते. मुख्यतः जवळचा आवाज पकडणारा ‘डायनॅमिक’ प्रकारचा मायक्रोफोन साध्या खोलीत उपयोगी पडतो, तर ‘कंडेन्सर’ प्रकारचा अधिक संवेदनशील मायक्रोफोन पंख्याची घरघर आणि भिंतीवरून परतणारा आवाजही टिपतो. त्यानंतर संपादनात अडखळणे, पुनरुक्ती आणि भरकटलेले भाग कापले जातात, आवाजाची पातळी सारखी केली जाते, आणि भागाचे शीर्षक व चार ओळींचा परिचय लिहून तो प्रसिद्ध होतो. अर्ध्या तासाच्या भागामागे कित्येक तासांचे काम असते, आणि ते बहुधा विनावेतन, प्रयोग, शिकवणे व लेखन यांतून उरलेल्या वेळेत केले जाते.

या मेहनतीचा पहिला लाभ ती करणाऱ्यालाच होतो. आपला विषय दुसऱ्या शाखेच्या माणसाला समजावून सांगताना संशोधकाला स्वतःच्या प्रश्नाचे मर्म नव्याने तपासावे लागते, ‘हे कशासाठी?’ या सूत्रधाराच्या साध्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, तर प्रबंधाच्या प्रस्तावनेतही तीच उणीव राहणार हे त्याला कळते. सूत्रधार ऐकण्याची आणि नेमका प्रश्न विचारण्याची कला शिकतात, जी पुढे विज्ञानपत्रकारितेत, अध्यापनात आणि धोरणविषयक कामात उपयोगी पडते. पीएच.डी. झालेल्या सर्वांना विद्यापीठात कायमची जागा मिळणे आज जगात कोठेही शक्य राहिलेले नाही, त्यामुळे अशा कौशल्यांकडे फावल्या वेळचा छंद म्हणून पाहणे योग्य नाही.

दुसरा लाभ समान पातळीवरील संभाषणाचा आहे. कुलगुरूंचे भाषण, विभागप्रमुखांचे मार्गदर्शन किंवा समुपदेशकाची कार्यशाळा यांमध्ये बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात अधिकाराचे अंतर असते. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला विचारलेल्या प्रश्नात ते नसते. ‘दुसऱ्या वर्षी तू काय चुकलास?’ हा प्रश्न प्राध्यापकाने विचारला तर विद्यार्थी सावध होतो. सहविद्यार्थ्याने विचारला तर तो आठवू लागतो. या कार्यक्रमांचे खरे बळ या एका गोष्टीत आहे, आणि म्हणूनच त्यांचा ताबा विद्यार्थ्यांकडेच राहणे अगत्याचे आहे.

मनःस्वास्थ्याचा प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर गेल्या काही वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रदेशातील ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘रिसर्च पॉलिसी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांना मानसिक विकाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका असल्याचे आढळले. २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २६ देशांतील २,२७९ व्यक्तींनी भाग घेतला, आणि त्यांपैकी ३९ टक्के व्यक्तींमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे दिसली, सर्वसामान्य लोकसंख्येसाठी तुलनेला घेतलेले प्रमाण ६ टक्के होते. दुसऱ्या पाहणीतील सहभाग ऐच्छिक असल्यामुळे त्रास भोगणाऱ्यांनी अधिक संख्येने उत्तरे दिली असण्याची शक्यता ध्यानात ठेवली पाहिजे, पण दोन्ही अभ्यासांची दिशा एकच आहे.

या त्रासाचा एक घटक मानसशास्त्रात ‘इम्पोस्टर’ अनुभव म्हणून ओळखला जातो. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये यशस्वी स्त्रियांच्या अभ्यासातून त्याचे वर्णन केले : आपली पात्रता खरी नाही, आपण चुकून येथे आलो आहोत आणि एक दिवस हे उघड होईल, अशी सततची भीती. ही भीती एकाकीपणात वाढते, कारण भोवतालचे सर्वजण आत्मविश्वासाने वावरताना दिसतात आणि प्रत्येकाला वाटते की शंका फक्त आपल्यालाच आहे. उत्तम संशोधन करणाऱ्या सहविद्यार्थ्याने पात्रता परीक्षेत पहिल्या वेळी अपयश आल्याचे किंवा शोधनिबंध अनेकदा परत आल्याचे शांतपणे सांगितले, तर ऐकणाऱ्याची समजूत मुळातून बदलते. आपला अनुभव हा दोष नसून या वाटेवरचा सर्वांचा टप्पा आहे, हे त्याला उमगते.

तथापि पॉडकास्ट म्हणजे उपचार नव्हेत. नैराश्य हा आजार आहे आणि त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर व समुपदेशकच हवेत. शिवाय त्रासाची जी कारणे व्यवस्थेत आहेत, ती बोलण्याने नाहीशी होत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही परिसरांतील सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी, ज्यांत शिकवणारे व संशोधन करणारे पदव्युत्तर विद्यार्थी बहुसंख्य होते, वेतनवाढीच्या मागणीसाठी संपावर गेले. घरभाड्यालाही न पुरणाऱ्या वेतनावर सहानुभूतीच्या संभाषणाचा उतारा नसतो, हे त्या संपाने स्पष्ट केले. विद्यापीठाने पॉडकास्टला एक खोली दिली आणि समुपदेशकांच्या जागा मात्र रिकाम्या ठेवल्या, तर तो जबाबदारी टाळण्याचा प्रकार ठरेल.

मोकळेपणाच्या मर्यादा

मोकळे बोलण्यातही धोके आहेत आणि जबाबदार निर्माते ते ओळखून असतात. संशोधक विद्यार्थ्याचे भवितव्य मार्गदर्शकाच्या शिफारसपत्रावर अवलंबून असते. आवेगात केलेली तक्रार पुढे वर्षानुवर्षे इंटरनेटवर राहते आणि नोकरी देणाऱ्याच्याही कानी पडू शकते. म्हणून प्रसारणापूर्वी पाहुण्याला भाग ऐकवणे, त्याने सांगितलेला अंश वगळणे, संमती लेखी घेणे आणि प्रत्यक्ष छळाच्या प्रकरणात नाव उघड न करता संबंधित समितीकडे जाण्याचा रस्ता दाखवणे, हे नियम पाळावेच लागतात. अप्रकाशित निष्कर्ष जाहीर झाल्यास दुसरा गट ते आधी प्रसिद्ध करू शकतो किंवा पेटंटचा अर्ज अडचणीत येऊ शकतो, हाही विचार करावा लागतो.

आणखी एक अडचण या उपक्रमांच्या स्वभावातच आहे. सूत्रधार पदवी घेऊन निघून जातात. ज्या कार्यक्रमात दोन-तीन वर्षांनी येणारी नवी तुकडी आधीपासून तयार केली जाते, कामाची लेखी पद्धत ठेवली जाते आणि जुन्या भागांचा संग्रह जपला जातो, तोच टिकतो. एका उत्साही व्यक्तीवर उभा असलेला पॉडकास्ट तिच्या प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात बंद पडतो. ‘इन्स्पिरेशन डिसेमिनेशन’ किंवा ‘ग्रॅडकास्ट’ यांच्यामागे रेडिओ केंद्र किंवा विद्यार्थी संघटना उभी आहे, ही त्यांच्या सातत्यातील महत्त्वाची गोष्ट आहे.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ मध्ये तेथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांपैकी १,९६,५६७ पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शिकत होते. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर येथील कितीतरी कुटुंबे त्यासाठी कर्ज काढतात. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते, शुल्कमाफी बहुधा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मिळते आणि एम.एस.च्या विद्यार्थ्याला क्वचितच, प्रवेश मिळण्यापूर्वीच एखाद्या प्रयोगशाळेची खरी स्थिती तेथल्या विद्यार्थ्यांना विचारता येते, या गोष्टी निघण्यापूर्वी कळायला हव्यात. प्रवेश मिळवून देणाऱ्या सल्लागाराचा स्वार्थ विद्यार्थी जाण्यात असतो. तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्याचा तसा काही स्वार्थ नसतो, म्हणून जाऊ इच्छिणाऱ्याने त्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे असे कार्यक्रम अवश्य ऐकावेत.

देशातल्या देशात पीएच.डी. करणाऱ्यांची गरजही तितकीच खरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची किमान मुदत तीन व कमाल सहा वर्षे आहे, अभ्यासक्रमाचे किमान बारा श्रेयांक पूर्ण करावे लागतात, संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात प्रगती मांडावी लागते, आणि प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चार याहून अधिक विद्यार्थी असू शकत नाहीत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही अधिछात्रवृत्ती देतात. ही माहिती कागदावर मिळते. मार्गदर्शकाच्या रिक्त जागेचा शोध कसा घ्यावा, गावाकडच्या घराला या पदवीचा अर्थ कसा समजवावा, रक्कम येण्यास उशीर झाला तर वसतिगृहाचे महिने कसे निभवावेत, मराठीतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी संदर्भसाहित्य वाचण्याची तयारी कशी करावी, लग्नानंतर संशोधन चालू ठेवणाऱ्या स्त्रीने वेळेची आणि घराची मांडणी कशी केली, हे मात्र अनुभवी विद्यार्थीच सांगू शकतो.

त्यासाठी लागणारी साधने येथे आहेत. भारतातील पहिले परिसर-रेडिओ केंद्र, चेन्नईचे अण्णा एफएम, १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे केंद्र १०७.४ एफएमवर आहे. जेथे रेडिओ केंद्र नाही तेथेही अडचण नाही, कारण पॉडकास्टला प्रसारणाचा परवाना लागत नाही. एक बरा मायक्रोफोन, शांत खोली, मोफत संपादन सॉफ्टवेअर आणि चार-पाच जणांची बांधिलकी एवढ्यावर काम सुरू होते. विद्यापीठाने खोली, थोडा निधी आणि ग्रंथालयात संग्रहाची जागा द्यावी, विषय व पाहुण्यांची निवड मात्र विद्यार्थ्यांवर सोपवावी.

मराठी भाषेचाही यात मोठा लाभ आहे. रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांतील ताजे संशोधन मराठीत बोलले गेले तरच त्यासाठी लागणारी वाक्ये आणि संज्ञा घडतील. परिभाषा कोशात तयार झालेला शब्द रुळतो तो बोलणाऱ्याच्या तोंडी आल्यावरच. संशोधन करणाऱ्या तरुणाने आपला विषय मराठीतून, आपल्याच वयाच्या सहकाऱ्याला समजावून सांगितला, तर तो ऐकून बारावीतल्या एखाद्या मुलीला संशोधन ही आपल्यालाही करता येण्याजोगी गोष्ट आहे असे वाटू शकते.

राज्यातील प्रत्येक विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्यांनी या कामाला प्रारंभ करावा. पहिल्या भागासाठी प्रसिद्ध व्यक्तीच्या शोधात वेळ घालवण्याऐवजी नुकताच प्रबंध सादर केलेल्या सहविद्यार्थ्याला बोलवावे, आणि आपल्याला पहिल्या वर्षी जे कोणीही सांगितले नाही तेच त्याला सविस्तर विचारावे.